कोटसावळीची निजलेली शिळा

कोटसावळीच्या तलावाची पाळ जिथे संपते, तिथे मोहाच्या झाडाखाली एक शिळा आडवी पडलेली आहे. पुरुषभर लांब, दोन हात रुंद. बाहेरगावचा कुणीही आला की पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही पडली कधी, आणि हिला कुणी उभी का करत नाही? आजूबाजूच्या गावांत वीरांचे दगड आहेत, सतीचे दगड आहेत, सगळे उभे आणि शेंदूर ल्यालेले. ही तेवढी निजलेली, आणि अंगावर शेंदराचा ठिपकाही नाही. तर आधीच सांगून ठेवलेले बरे, की ही पडलेली नाही, ठेवलेली आहे. जोडे काढायचेही कारण नाही. ही देवी नव्हे. हिला देवी करायला गाव निघाले होते, ते कुणी होऊ दिले नाही ते पुढे येईलच.

जरा वाकून पाहा. अंग काळपट, त्यात पांढुरक्या पट्ट्या, आणि त्या सरळ नाहीत. पिळलेल्या लुगड्यासारख्या वळत गेल्या आहेत. बोटाच्या पेराने ठोकली तर काशाच्या भांड्यासारखी वाजते. आता तलावाची भिंत पाहा. सगळी पिवळ्या दगडाची, ठोकली तर बद्द आवाज. हिच्यासारखा एकही दगड त्या भिंतीत नाही, आणि तरी ही त्याच भिंतीखालून निघाली, असे सांगतात.

चांद्याला गोंडांचे राज्य होते त्या काळातली गोष्ट. कोटसावळीत धानाची शेती होती, पण पाणी ओढ्याने यायचे आणि ओढ्याने जायचे. गावाने ठरवले की तलाव बांधायचा. मातीची पाळ गावकरी घालणार, पण मधली दगडी भिंत, जिच्यातून शेतांना पाणी सोडायची मोरी काढायची, ती बांधायला जाणता माणूस हवा. म्हणून गावचा कारभारी लखबाजी मुकादम याने थेट वऱ्हाडातून सटवाजी पाथरवट बोलावून आणला.

सटवाजी काळ्या दगडात वाढलेला. त्याच्या मुलखात दुसरा दगडच नाही. मंदिर काळ्याचे, विहीर काळ्याची, जाते आणि पाटाही काळ्याचाच. हात मोठा कसबी. त्याने बांधलेल्या दोन दगडांच्या सांध्यात गवताची काडी शिरत नसे, म्हणे. आणि तोंडी एक वाक्य ठरलेले: "सटवाजीचा शब्द म्हंजे काळ्या दगडावरची रेघ." कारागिराला थोडी घमेंड शोभते. याच्याकडे ती थोडी नव्हती.

काळा दगड कोटसावळीपासून फार लांब. जवळ होती ती पिवळदऱ्याची खाण, चार कोसांवर. तिथे लांबलचक फळ्यांसारखा पिवळा दगड निघे. खाण पुनाजीची, आणि पुनाजीला एकच मुलगी, भिवरा. दगड पाहायला गेलेला सटवाजी दगडांबरोबर बायकोही ठरवून आला. भिवरा खाणीतच लहानाची मोठी झालेली. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळत, तेव्हा ही बापाबरोबर दगडांचे थर मोजत असे.

लग्न करून दोघे परत निघाले, तेव्हा वाटेत नदी लागली. नदीच्या पात्रात वळलेल्या पट्ट्यांचा एक खडक होता, त्यावर पाय धुवायला बसली असताना भिवराने नवऱ्याला बापाची विद्या सांगितली. दगडाला विदर्भात गोटा म्हणतात आणि भिंतीला भीत, तीही तसेच म्हणाली.

"गोट्याचे तीन जलम असतात, माहीत हाय का तुमाले? तुमचा काळा आगीतला. त्याच्या पोटात भोकं असतात का नाई? अंबील रटरटली का बुडबुडे येतात, तसे हायेत ते. धरतीची अंबील उतू गेली अन् वर येऊन निवली, तो तुमचा काळा. म्हून त्याले कूस नाई, निजायची बाजू नाई. कसाबी ठिवा, राह्यते."

"अन् तुमचा?" सटवाजीने हसत विचारले.

"आमचा पाण्यातला. नदी वाळू आणते अन् निजवते. दुसऱ्या साली अजून आणते, तिच्यावर निजवते. वरचीचं ओझं खालचीवर. असं निजून निजून त्याचा गोटा झाला. म्हून त्याले भितीतबी निजवूनच ठिवा लागते, जसा जलमला तसा. उभा केला का थरायच्या मंधात पाणी शिरते."

मग पायाखालच्या खडकावर हात फिरवत ती म्हणाली, "अन् हा तिसरा. हा आधी काळा व्हता नाई तं पिवळा. खाली गेला. वरून डोंगराचं ओझं, खालून आग. इतळला नाई, फुटला नाई, सोसत राह्यला. वर आला तवा कोणाले वळखू नाई आला. बाबा म्हंते, याले इचारू नाई का तू आधी कोन व्हता."

सटवाजीला मोठी गंमत वाटली. "तुह्या माहेरी गोट्याचं बारसंबी करतात वाटते," तो म्हणाला, आणि गाठोडे उचलून चालू लागला. जी विद्या चार पिढ्या राबून मिळवावी, ती याला नदीवर पाय धुता धुता फुकट मिळाली. फुकट मिळालेल्याची किंमत कुणी केली आहे?

भिंत सुरू झाली. पिवळ्या लांब फळ्या पाहून सटवाजीच्या मनात आले की या एकावर एक निजवत बसलो तर दोन हिवाळे जातील. उभ्या केल्या तर एकेका फळीत माणसाची उंची झाकते, काम एका हिवाळ्यात उरकते, आणि भिंत दिसते राजवाड्याच्या दरवाजासारखी. काळा दगड त्याने आयुष्यभर हवा तसा उभा-आडवा लावला होता. त्याने पिवळ्यालाही तोच न्याय लावला.

भिवरा दुपारची भाकर घेऊन आली आणि जागीच थबकली. लोट्यातले पाणी तिने उभ्या फळीवर ओतले. ओल्या दगडावर बारीक बारीक रेघा उमटल्या, सगळ्या वरून खाली जाणाऱ्या. "अवो, कूस चुकली," ती म्हणाली. "या रेघा आडव्या पायजेत. पाणी भरलं का पापुद्रे सुटतीन."

तिने हे चारचौघांत सांगितले, हा तिचा गुन्हा. वीस मजूर कान देऊन होते. सटवाजीने टाकी खाली ठेवली आणि आपले ते ठरलेले वाक्य म्हटले, की सटवाजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"हा दगड पिवळा हाय," भिवरा म्हणाली, आणि भाकर ठेवून निघून गेली.

मजूर हसले. ते हसणे सटवाजी विसरला नाही.

पहिल्या पावसाळ्यात तलाव भरला, गावाने दिवे सोडले, आणि पोळ्याच्या आधी भिंत बसली. खालची धानशेती वाहून गेली. सटवाजी म्हणाला चुना कच्चा होता. दुसऱ्या वर्षी त्याने भिंत दुप्पट जाड केली, चुन्यात बेलफळे आणि गूळ घातला, पण फळ्या उभ्याच. आडव्या लावाव्यात तर सगळ्यांच्या देखत बायकोचे खरे ठरणार. माणूस खड्ड्यात पडेल, पण वाट चुकली म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षी भिंत बसली तेव्हा खालच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, सात माणसे पाण्याबरोबर गेली.

पाणी ओसरल्यावर सटवाजी एकटाच चिखलात उतरला. फुटलेली एक फळी त्याने हातात घेतली, तर तिचे पापुद्रे कांद्यासारखे सुटून आले. दोन बोटांत धरून त्याने एक पापुद्रा चुरगाळला. त्याची वाळू झाली. त्या क्षणी त्याला सगळे कळले. पहिल्याच वर्षी कबूल केले असते तर एक हसे झाले असते. आता कबूल करायचे तर सात माणसांचे प्राण अंगावर येत होते. त्याने हातातली वाळू चिखलात झटकली आणि वर येऊन सांगितले, की काही समजत नाही.

माणसाला समजत नाही म्हटले की गाव भगताकडे जाते. भगताने कौल लावला. कौल आला की पाणी जीव मागते आहे, आणि तो ज्याचा हात भिंतीला लागला त्याच्या घरचा हवा. सटवाजीच्या घरात जीव दोनच. त्यातला कोणता, हे कौलाने सांगितले नव्हते. पण ते कुणी विचारलेही नाही. कारागीर गेला तर भिंत कोण बांधणार? भिवराचा बाप आदल्या वर्षीच खाणीत दरड कोसळून गेला होता. तिच्या बाजूने बोलायला माहेर उरले नव्हते.

याच मोहाच्या झाडाखाली गाव बसले. भिवराला आणून मधे उभी केली, तेव्हा ती म्हणाली, "पाणी जीव मागत नाई. गोटे निजवून लावा, भीत राह्यते. यायले इचारा." आणि तिने नवऱ्याकडे बोट केले.

लखबाजी मुकादम काही राक्षस नव्हता. त्याने खरेच विचारले. "सटवाजी, तुही बायको म्हंते गोट्याची कूस चुकली. खरं हाय का?"

एक शब्द पुरे होता. हो म्हटले असते तर काय झाले असते? मारले असते, हात तोडले असते, गावातून हाकलले असते. भिवरा जगली असती. तिच्याकडे न पाहता सटवाजीने समोरच्या मातीकडे पाहिले आणि म्हणाला, "बाईमानसाले गोट्यातलं काय समजते?"

भिवरा रडली नाही, असे सांगतात. तिने फक्त त्याच्याकडे असे पाहिले, की आपण कुणाच्या घरात दोन वर्षे चूल पेटवत होतो ते तिला आत्ता कळले असावे.

अक्षय तृतीयेला मोरीच्या तोंडाशी खड्डा खणला. तिला हिरवे लुगडे नेसवले, ओटी भरली, वाजतगाजत नेली. गावातल्या बायकांनी तिच्या पायांवर पाणी घातले आणि घराकडे पळाल्या. वर ठेवायची शिळा सटवाजीनेच निवडायची असा भगताचा हुकूम. त्याने पिवळदऱ्याची एक फळी आणली, जिच्या एका अंगावर पानाचा ठसा होता, शिरांसकट. कधीतरी कुठलेसे पान गाळावर पडले आणि त्याच्यासह गाळाचा दगड झाला. खड्ड्यात बसल्यावर भिवराने तो ठसा पाहिला आणि शेवटचे बोलली.

"पान वर ठिवा. तीच त्याची वरली बाजू हाय. अन् आता तरी बाकीचे गोटे निजवून लावा, नाई तं पुना कोणाची बायको मागतीन हे."

सटवाजीने पान वर ठेवले.

त्या उन्हाळ्यात वीस मजुरांच्या जागी दोनशे माणसे हाताशी घेऊन त्याने भिंत बांधली ती तिच्या शब्दाबरहुकूम. प्रत्येक फळीवर पाणी ओतायचा, रेघा पाहायचा आणि मगच निजवायचा. भिंत दिसायला ओबडधोबड झाली, पण पावसाळा आला आणि गेला आणि भिंतीची कपचीही उडाली नाही. दगड आडवे झालेत हे त्या दोनशे माणसांनी डोळ्यांनी पाहिले, पण एकाच्याही ध्यानात आले नाही. त्यांना ठाऊक होते भिंत कशाने उभी राहिली ते.

सटवाजीचे नाव झाले. मुकादमाने भरल्या सभेत त्याच्या डोक्याला पागोटे बांधले. लोक म्हणू लागले, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, बघा कशी पोर देवी झाली. ही म्हण फार करून ज्यांच्या अंगाला टाकी लागलेली नसते तेच म्हणतात.

तीन वर्षे सटवाजीने ते पागोटे वागवले. चौथ्या वर्षी त्याच्याने राहवेना. मुकादमाच्या ओट्यावर जाऊन त्याने पागोटे काढून ठेवले आणि सगळे सांगितले. पापुद्र्यांचे, वाळूचे, आपल्या खोट्याचे. लखबाजीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सटवाजी, हे पुना कोणापाशी बोलू नोको. हे खरं असंन, तं मंग आमी तिले कायले गाडलं?"

त्या प्रश्नाची भिंत पाडता येत नव्हती. सटवाजीने ज्याला त्याला धरून सांगितले, देवळात सांगितले, आठवडी बाजारात सांगितले. लोक त्याचा हात हातात घेत, पाणी देत, आणि त्याच्या पाठीमागे म्हणत की बायकोच्या दुःखाने बिचाऱ्याचे डोके फिरले. खोटे बोलला तेव्हा सगळ्या गावाने त्याला खरा मानला होता. आता पालथ्या घड्यावर पाणी.

बारा वर्षांनी बेलडोह गावाने त्याला तलाव बांधायला बोलावले. तो गेला, तर पाटलाच्या ओट्यावर आठ-नऊ वर्षांची एक पोर नवे परकर-पोलके घालून गूळभात खात बसलेली. आईबाप नसलेली, काकाच्या घरची. तिच्या पायाला लावलेली हळद सटवाजीने पाहिली. इथला पाटील म्हणाला, "तुमच्या गावानं मांगून जीव देल्ला, दोन भिती गमावल्या. आमी आधीच देतो."

दुपारभर सटवाजी बोलत होता. पाणी ओतून रेघा दाखवल्या, एक फळी उभी भिजवून फोडून दाखवली, मी माझ्या बायकोला खोटी पाडून मारली म्हणून छाती पिटली. पाटील समजुतीने मान हलवत राहिला. "बुवा, तुमची भीत कशानं उभी हाय ते सारा मुलूख जाणते," तो म्हणाला, आणि त्याने वाजंत्र्यांना खूण केली.

तेव्हा सटवाजीचे डोळे फिरले, म्हणे. तो जमिनीवर आडवा झाला, घुमू लागला, आणि बायकी आवाजात ओरडला, "मी भिवरा हाय! माह्यामांगं कोणाले धाडू नोका! ज्याची भीत, त्यानं आधी तीनदा 'चूक माझी' म्हना, मंग गोट्यावर पाणी घाला, कूस पाहा, मंग त्याले निजवा! नाई तं एक भीत ठेवणार नाई!"

वाजंत्री थांबली. सगळ्यात आधी पाटील पालथा पडला, त्याच्यामागे गाव. पोरीच्या ओंजळीत नारळ देऊन तिला घरी पाठवली. ती पुढे नातवंडे पाहून मेली, असे सांगतात.

लोक पांगल्यावर सटवाजीने दोन्ही हातांनी आपले थोबाड फोडून घेतले. भिवरा आपल्या आवाजात खरे बोलत होती, तेव्हा तिला कुणी ऐकले नाही, आणि त्यानेच ऐकू दिले नाही. तिचा आवाज काढून तो सोंग करू लागला, तर गाव पायावर. एक जीव वाचला याचा आनंद त्याला झालाच नसेल असे नाही. पण ज्या तोंडाने आज पोर वाचली, त्याच तोंडाने एका शब्दात भिवरा वाचली असती, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

पुढे मोठा दुष्काळ पडला. तलाव तळापर्यंत आटला, गाळाला भेगा गेल्या, आणि मोरीच्या तोंडाशी शिळा उघडी पडली. लोकांनी म्हाताऱ्या सटवाजीला हात धरून नेले. त्याने ठेवली होती ती पिवळी फळी, पानाच्या ठशाची. समोर होती ती काळपट, वळलेल्या पट्ट्यांची. पान कुठेच नव्हते. त्याने हातोडीने हलकेच ठोकले. ती खणखणली. नदीवर पाय धुतले होते त्या खडकाचाच हा आवाज होता. वरून ओझे, खालून आग. तिसरा जन्म.

खाली काय होते ते त्याने कुणाला पाहू दिले नाही. एकट्याने माती ओढली. शिळा पाळीवर आणल्यावर लोक उभी करायला दोर बांधू लागले, शेंदूर-नारळ तयारच होते. म्हातारा शिळेवर आडवा पडला. "आता तरी तिले उभी करू नोका," तो म्हणाला, "निजू द्या." असे म्हणतात की तो दिवसभर शिळेला कान लावून पडून होता आणि एकच विचारत होता, की तू मला ओळखतेस का. सूर्य मावळायच्या आत तो तिथेच गेला.

मागे चंद्रपूरच्या एका कॉलेजचे सर मुले घेऊन आले होते. शिळा पाहून त्यांनी मुलांना सांगितले, की असा दगड व्हायला लाखो वर्षे लागतात, वर कित्येक कोसांचे ओझे लागते आणि भट्टीसारखी आग लागते. वीस-पंचवीस वर्षांत तलावाच्या तळाशी हे होणे शक्य नाही. सर शिकलेले, त्यांचे खोटे कसे म्हणावे? गावातल्या एका म्हातारीने तेवढे म्हटले, "ओझं तं साऱ्या गावाचं व्हतं, बापू."

आजही या भागात भिंत घालायची झाली, मग ती घराची असो की विहिरीची, गवंडी पहिल्या दगडावर लोटाभर पाणी ओततो, रेघा पाहतो, आणि दगड निजवण्याआधी मोठ्याने तीनदा म्हणतो, "चूक माझी, चूक माझी, चूक माझी." सिमेंटच्या विटा आल्या तरी हे सुटलेले नाही. विटांना कूस नसते, पण पाणी ओततात. का म्हणता, असे विचारा, तर सांगतील की भिवराईची रीत आहे. आणि काम बिघडले, भिंतीला तडा गेला, तर तोच गवंडी चुन्याला, पाण्याला, मजुरांना नावे ठेवतो. स्वतःचे नाव घेत नाही. सुरुवातीलाच तीनदा म्हणून झालेले असते, म्हणजे शेवटी एकदाही म्हणायला नको.